ग्रुप अचानक फुटला? आधी बोल्ट बघा

दहा मीटर एअर रायफल. परवापर्यंत एकाच भोकात जाणारे पेलेट (छर्रे) आज आठ-नऊ गुणांच्या वर्तुळांत विखुरतायत, म्हणजे ग्रुप (भोकांचा पुंजका) फुटलाय, आणि स्पर्धा आठवड्यावर आली आहे. गेल्या वर्षी माझं हेच झालं आणि मी बारा दिवस भलतीकडेच शोधत राहिलो.

रायफल रिकामी, नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण). हे सांगायला नकोच. साइटच्या (नेम धरायच्या भागाच्या) क्लिकना, म्हणजे नेम सरकवणाऱ्या बारीक टप्प्यांना, हात लावू नका. अख्खा ग्रुप एका बाजूला सरकला असेल तर क्लिक. फुटलेला ग्रुप क्लिकने जुळत नाही, उलट जुनं सेटिंग हातचं जातं.

आता बोल्ट. ॲक्शन (नळी आणि शॉट सोडणारी यंत्रणा) स्टॉकला (रायफलच्या दस्त्याला) धरून ठेवणारा बोल्ट. मी तीन डबे पेलेट बदलले, नळी दोनदा साफ केली, पोझिशन (उभं राहायची ढब) मोडून नव्याने बांधली, आणि बोल्ट पाव फेरा ढिला होता! दहाचा ठिपका 0.5 मिमीचा, नऊचं वर्तुळ 5.5 मिमीचं, ॲक्शन केसभर हलली तरी गुण जातात. स्टॉक लाकडी असेल तर पावसाळा सरल्यावर हमखास बघा, लाकूड सुकलं की आवळलेला बोल्टही सैल पडतो. टॉर्क रेंच (जोर मोजून आवळणारा पाना) घ्या, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंतच आवळा. अंदाजाने पिळलात तर लाकूड चेपतं. मग बोल्टच्या डोक्यावरून स्टॉकवर रंगाची बारीक रेघ ओढा. डायॉप्टर (मागची साइट), फोरसाइट (पुढची), वजनं, चीकपीस (गालाचा आधार), बटप्लेट (खांद्याचा आधार) यांचे स्क्रूही त्याच बैठकीत.

बोल्ट बघितलात ना? मगच रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवून दहा शॉट मारा. पिशवी स्टॉकखाली, नळीखाली नाही. ग्रुप घट्ट आला तर रायफल सोडा, पोझिशन आणि ट्रिगरकडे वळा.

तरी फुटतोय? हवेच्या सिलिंडरचं प्रेशर बघा. ते फार उतरलं की शॉट खाली जायला लागतात. पेलेटच्या डब्यावरचा साइज आणि लॉट जुन्या डब्याशी ताडून बघा, 4.49 आणि 4.50 मिमी एकच नव्हेत. नळी साफ करायची ती सगळ्यात शेवटी, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी मुळीच नाही, कारण नंतरचे काही शॉट भरकटतात. एका वेळी एकच बदल. वहीत लिहा.

प्रवासानंतर पुन्हा बोल्ट. रेघ तुटलेली दिसली तर लाइनवर जाण्याआधी आवळा आणि साइटरमध्ये (स्पर्धेआधीच्या सरावाच्या शॉटमध्ये) झिरो नव्याने घ्या, म्हणजे नेम पुन्हा मध्यावर आणा.