बॅकटेस्टमध्ये रिलायन्स एका दिवसात निम्म्यावर: उपाय सापडला

सांगलीत आम्ही दोघं मित्र पायथनमध्ये रिलायन्सच्या जुन्या भावांवर सौद्यांच्या दोन पद्धती तपासून (म्हणजे बॅकटेस्ट करून) त्यांची तुलना करत होतो: 20/50 दिवसांचा मूव्हिंग ॲव्हरेज क्रॉसओव्हर (20 दिवसांची सरासरी 50 दिवसांच्या सरासरीला ओलांडते तेव्हा सौदा) आणि 14 दिवसांचा आरएसआय (भावाचा जोर 0 ते 100 मध्ये दाखवणारा आकडा). लक्षण असं: 28 ऑक्टोबर 2024 ला भांडवलाचा आलेख धाडकन निम्म्यावर आणि आरएसआय तळाला. नुसता शेअर घेऊन ठेवला तरी तेच.

आरएसआयची मर्यादा बदलली, स्टॉपलॉस (ठरावीक तोट्याला आपोआप विक्री) लावला, लायब्ररी पुन्हा टाकली. डोकं उठलं.

कारण: त्या दिवशी 1:1 बोनसची (प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट) एक्स-डेट होती, म्हणजे त्या दिवसापासून शेअरचा भाव बोनसनंतरचा, निम्मा दिसतो; आणि एनएसईच्या भावकॉपीतले (रोजच्या भावांच्या फाइलमधले) जुने भाव बोनसप्रमाणे सुधारलेले नसतात.

आधी फाइल तारखेनुसार लावा. एका दिवसात 35 टक्क्यांहून मोठी घसरण असलेल्या तारखा काढून एनएसईच्या कॉर्पोरेट ॲक्शन यादीशी (कंपन्यांच्या बोनस, विभाजन वगैरेंची नोंद) जुळवा. मग एक्स-डेटच्या आधीचे ओपन, हाय, लो, क्लोज (दिवसाचा पहिला, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि शेवटचा भाव) चारही 2 ने भागा आणि व्हॉल्यूम (किती शेअरचे सौदे झाले) 2 ने गुणा. एक्स-डेटचा दिवस स्वतः सोडायचा. सप्टेंबर 2017 मध्येही 1:1 बोनस होता, म्हणून त्याआधीच्या भावांना भागाकार 4.

नुसत्या 35 टक्क्यांच्या गाळणीवर विसंबू नका. 20 जुलै 2023 ला जिओ फायनान्शियल रिलायन्समधून वेगळी झाली तेव्हाची घसरण साधारण 9 टक्के, ती निसटते. यादी पूर्ण वाचावीच लागते.

हे झाल्यावरच सरासरी आणि आरएसआय नव्याने काढा. सिग्नल एक दिवस पुढे सरकवून खरेदी दुसऱ्या दिवशीच्या ओपनला धरा, आणि डिलिव्हरीचा (शेअर खात्यात घेऊन ठेवण्याच्या सौद्याचा) 0.1 टक्का एसटीटी, म्हणजे शेअर सौद्यांवरचा कर, खरेदी-विक्री दोन्हीकडे वजा करा. नाहीतर जास्त सौदे करणारी पद्धत उगाच भाव खाते.