एसएमपीएसचा व्होल्टेज स्थिर आहे का, हे घरी कसं तपासावं

एसएमपीएस म्हणजे पीसीच्या भागांना वीज पुरवणारा कॅबिनेटमधला डबा. गेम सुरू केला की पीसी रीस्टार्ट होतो, आणि दुकानदार न बघताच सांगतो, "एसएमपीएस गेलाय." असेलही. पण नवा आणण्याआधी साधा डिजिटल मल्टिमीटर घेऊन खात्री करा.

पीसीच्या एसएमपीएससाठीच्या एटीएक्स मानकात त्यातून निघणाऱ्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनना ५ टक्के वर-खाली चालतं. म्हणजे १२ ची लाइन ११.४० ते १२.६० आणि ५ ची ४.७५ ते ५.२५ या हद्दीत हवी. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डचा खरा भार १२ वरच असतो, त्यामुळे लक्ष तिच्यावर ठेवा.

बायोस (पीसी सुरू होतानाचा सेटिंगचा स्क्रीन) किंवा एचडब्ल्यूइन्फो या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्राममधले आकडे मदरबोर्डवरच्या सेन्सरचे, तेव्हा ते अंदाजापुरतेच. पीसी मजेत चालू आहे आणि १२ च्या जागी ८ दिसतायत, तर खोटं सेन्सर बोलतोय.

आता मोजणी. पीसी बंद करून कॅबिनेटची बाजू काढा आणि एसएमपीएसचा एखादा मोकळा मोलेक्स कनेक्टर, म्हणजे चार जाड पिनांचा प्लग, शोधा. त्याच्या चार पिनांपैकी मधल्या दोन ग्राउंड, पिवळ्या वायरीची १२ आणि लाल वायरीची ५. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल लीड १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये नाही ना, हे आधी बघा; असेल तर प्रोब लावताच शॉर्ट होईल. मीटरची बॅटरी उतरलेली असली तरी आकडे चुकतात. मग पीसी सुरू करा, काळा प्रोब ग्राउंडवर आणि लाल पिवळ्यावर टेकवा. दोन्ही टोकं एकमेकांना लागू देऊ नका.

नुसत्या डेस्कटॉपवरचा आकडा लिहून घ्या. मग पीसीवर पूर्ण भार टाकणाऱ्या ओसीसीटी या प्रोग्रामची पॉवर टेस्ट लावा, दहा-पंधरा मिनिटं चालू द्या आणि पुन्हा मोजा. माझ्या मते खरा निकाल या दोन आकड्यांतल्या फरकात आहे. रिकामा असताना ११.९० आणि भारावर ११.८२ दाखवणारा एसएमपीएस मला चालेल. १२.३० वरून ११.४५ वर येणारा हद्दीत असूनही नको. भार तसाच असताना आकडा हळूहळू खाली सरकत राहिला, तर संशय पक्का.

मोलेक्सवर सगळं ठीक, पण ग्राफिक्स कार्डच्या कनेक्टरमागे पिवळ्या वायरीजवळ प्रोब सरकवल्यावर बराच कमी आकडा येतोय? मग दोष बहुधा केबलचा किंवा सैल पिनेचा. प्लग नीट दाबून बसवा, वितळल्याच्या खुणा बघा.

मल्टिमीटर सरासरी दाखवतो. वेगाने होणारी थरथर, म्हणजे रिपल, त्याला दिसत नाही. १२ च्या लाइनवर १२० मिलिव्होल्टपर्यंत रिपल मान्य आहे, पण ते मोजायला ऑसिलोस्कोप लागतो. तो घरी कुणाकडे असतो? आकडे नीट असूनही पीसी रीस्टार्ट होतच असेल, तर मित्राचा पुरेशा वॅटचा चांगला एसएमपीएस त्याच्याच केबलींसह लावून बघा. स्वतःचा मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो.