मैत्रिणीसोबत मुंबई मॅरेथॉन धावताय? मग हे आधी ठरवा

जानेवारीत तिसऱ्या रविवारी पहाटे सीएसएमटीसमोर जोडीने उभं राहण्याआधी एक प्रश्न स्पष्ट विचारून घ्या: एकीचे पाय दुखायला लागले, तर दुसरीने थांबायचं की पुढे जायचं? ४२.१९५ किलोमीटरमध्ये हा प्रसंग येतोच. आणि तिसाव्या किलोमीटरनंतर उत्तर शोधण्याइतकं डोकं चालत नाही.

आम्ही असं ठरवलं होतं: तीस किलोमीटरपर्यंत काहीही झालं तरी सोबत, त्यानंतर जिचा जसा दम. वेग दोघींपैकी हळू धावणारीचा. सी लिंकवर गार वारा लागतो, पाय आपोआप पळायला लागतात, तिथे एकमेकींना आवरायचं. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. ‘हो’, ‘हं’ एवढंच निघत असेल तर वेग कमी करा. परतीला पेडर रोडचा चढ लागला तेव्हा माझ्या पोटऱ्या दगड झाल्या होत्या. मीच तिला म्हटलं, "तू हो पुढे." आधी बोललो होतो म्हणून तीही मनाला लावून न घेता गेली.

पाण्याच्या टेबलापाशी मात्र हमखास चुकामूक होते. तिथे थांबून शोधू नका, मागचे अंगावर येतात; टेबलं संपल्यावर पन्नास पावलांवर डाव्या कडेला भेटा. शर्यतीनंतरची जागाही नेमकी ठरवा. ‘आझाद मैदानात भेटू’ एवढ्याने भागत नाही, त्या गर्दीत फोनही धड लागत नाही.