लिंबू आणि मोगऱ्याचं महागडं परफ्यूम कसं पारखावं

बर्गामॉट (लिंबाच्या जातीचं सुगंधी फळ), लिंबू, ग्रेपफ्रूट यांचा पहिला फवारा जवळजवळ नेहमीच आवडतो. म्हणून दुकानात पाच मिनिटांत पैसे मोजू नका. सालींच्या तेलातलं लिमोनीन भरभर उडतं. पंधरा-वीस मिनिटांत त्याचा बराचसा जोर ओसरतो. नीश, म्हणजे छोट्या, खास घराण्यांच्या महागड्या परफ्यूमची खरी परीक्षा तिथून पुढे.

2 मिलीचं सॅम्पल घरी आणा. बिनवासाच्या त्वचेवर, कोपराच्या आतल्या बाजूला एक फवारा आणि कागदी पट्टीवर एक, दोन्ही साधारण 15 सेंमीवरून. पट्टीवर नाव आणि वेळ लिहा. अल्कोहोल उडायला मिनिटभर थांबा. त्वचा घासू नका, उबेने सालीचा वास आणखी लवकर जातो. मग 20 मिनिटं, 1 तास, 4 तास अशा टिपा ठेवा.

सगळ्यात बारकाईने विसावं मिनिट हुंगा. लिंबू गेलं आणि फुलं अजून आलीच नाहीत, अशी पोकळी लागली तर बांधणी कच्ची आहे. चांगला परफ्यूमर इथे नेरोली आणि पेटिटग्रेनचा पूल बांधतो. दोन्ही तेलं कडू संत्र्याच्याच झाडाची: नेरोली फुलांच्या ऊर्ध्वपातनातून, पेटिटग्रेन पानं-डहाळ्यांतून. त्यांचा हिरवट कडवटपणा सालीला फुलांशी जोडतो.

फुलांसाठी ताजा गजरा शेजारी ठेवा, याहून चांगलं मोजमाप नाही. मोगऱ्यात इंडोल नावाचं उग्र वासाचं द्रव्य असतं. बेताने असेल तर खोली येते, जास्त झालं की डांबरगोळीची आठवण होते. मिथाइल अँथ्रानिलेट हे फुलांतलंच दुसरं द्रव्य वाढलं तर द्राक्षाच्या सरबतासारखा गोडवा चढतो. फक्त साबणासारखी स्वच्छ, हवेशीर जाई लागली तर बहुधा हेडिओन या जाईच्या वासाच्या कृत्रिम रसायनाचा हात सढळ आहे. तो दोष नाही, पण अस्सल फुलांच्या ॲब्सोल्यूटचा (गाढ अर्काचा) भाव त्याला देऊ नये.

चार तासांनी काहीच येत नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला हुंगायला सांगा. काही मस्क (कस्तुरीसारख्या वासाची द्रव्यं) काही नाकांना जाणवतच नाहीत.

एका दिवशी तीनच वास. नाक थकलं की मोकळ्या हवेत जा.

बाटलीतला परफ्यूम पिवळा-केशरी झाला म्हणजे बिघडलाच असं नाही. अँथ्रानिलेट आणि अल्डिहाइड (सुगंधी रसायनांचा आणखी एक गट) एकत्र आले की रंग चढतो. सुरुवातीलाच टर्पेंटाइनसारखा वास आला तर मात्र लिंबूतेल हवेने खराब झालंय, ती बाटली घेऊ नका.

कोकणात, मुंबईत दमट दिवशी मोगरा-निशिगंधासारख्या फुलांचा वास फार जड होतो. तेव्हा दुसरी चाचणी उकाड्यातच घ्या.