ट्रॅकिओस्टोमीच्या पेशंटला बोलतं करताना या चुका टाळा

स्पीकिंग व्हॉल्व्ह हे काही आवाजाचं बटण नाही. ट्रॅकिओस्टोमी म्हणजे गळ्याला छिद्र करून श्वासनलिकेत श्वासासाठी ट्यूब बसवणं; त्या ट्यूबच्या तोंडावर बसणारी ही एवढीशी टोपी, श्वास घेताना उघडते, सोडताना मिटते. मग हवेला ट्यूबच्या कडेने वर, स्वरयंत्रातून तोंडाकडे जावं लागतं. थोडक्यात, वरचा रस्ता मोकळा हवा. तोंडा-गळ्याच्या मोठ्या ऑपरेशननंतर नेमका तोच सुजलेला असतो. पण नव्या मंडळींना टोपी बसवून पेशंटकडून 'हॅलो' वदवून घ्यायची घाई.

सगळ्यात जीवघेणी चूक म्हणजे ट्यूबचा फुगा, म्हणजेच कफ, भरलेला असताना व्हॉल्व्ह लावणं. हवा आत जाते, बाहेर यायला वाटच नाही. चार-पाच श्वासांत पेशंटचे डोळे विस्फारतात. "थोडी हवा काढलीय" हे उत्तर मला चालत नाही. आधी तोंडातलं आणि ट्यूबमधलं सक्शन, मग सिरिंजने सावकाश हवा ओढायची, हवा येणं थांबून दट्ट्या मागे खेचला जाईपर्यंत. बाहेरचा पायलट बलून (कफला बारीक नळीने जोडलेला छोटा फुगा) चपटा दिसतोय एवढ्यावर विसंबायचं नाही. मी त्या नळीवर चिकटपट्टी लावून 'आधी फुगा रिकामा' असं लिहून ठेवते. रात्रपाळीला मी नसते, पट्टी असते. फोमचा, म्हणजे आपोआप फुगणारा, कफ असेल तर व्हॉल्व्हचा विषयच सोडा.

माझा खरा राग आहे तो 'पेशंट सहकार्य करत नाही' या शेऱ्यावर. जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि फ्लॅप (काढलेल्या भागाच्या जागी शरीराच्या दुसऱ्या भागातली त्वचा-मांस लावणं) झालेले एक काका होते. व्हॉल्व्ह लावला की थोड्या वेळात स्वतःच उपटून फेकायचे. फाइलमध्ये 'घाबरट' अशी नोंद, वर शांत राहण्याचं औषध सुचवलेलं. कफ व्यवस्थित रिकामा होता, म्हणून पुढे कुणी पाहिलंच नाही. मी व्हॉल्व्ह लावला, काही श्वास होऊ दिले आणि काढला, तर ट्यूबमधून 'फुस्स' करून हवा बाहेर. तो आवाज म्हणजे हवा आत कोंडल्याची साक्ष. ग्लोव्ह घातलेलं बोट श्वास सोडताना क्षणभर ट्यूबच्या तोंडावर ठेवलं, ओठांसमोर आरसा धरला. आरशावर वाफेचा मागमूस नाही. दुर्बिणीतून पाहिल्यावर जिभेच्या मुळाशी सूज दिसली, त्यात श्वासनलिकेच्या मानाने ट्यूब जाड. सर्जननी सूज उतरू दिली, आठ नंबरची ट्यूब काढून सहा नंबरची बिनकफाची घातली. त्यानंतर काका पहिलं वाक्य बोलले ते बायकोशी: "चष्मा आण घरून." इतके दिवस पाटीवर काय लिहितोय हे त्यांचं त्यांनाच दिसत नव्हतं!

तेव्हा व्हॉल्व्ह काढताना कान ट्यूबकडे ठेवा. मी बोट आणि आरसा यांच्याशिवाय व्हॉल्व्हची डबीसुद्धा उघडत नाही.

स्वरयंत्र पूर्ण काढलेल्या पेशंटला हा व्हॉल्व्ह कधीही नाही. त्याच्या फुफ्फुसाचा आणि तोंडाचा संबंधच उरलेला नसतो; टोपी लावली तर श्वास सोडायला जागाच राहणार नाही. गळ्यावरचं छिद्र पाहून अंदाज बांधू नका, ऑपरेशनची नोंद वाचा. त्यांच्यासाठी इलेक्ट्रोलॅरिंक्स (गळ्याला टेकवून आवाज काढायचं यंत्र), अन्ननलिकेतून काढायचा आवाज, किंवा ब्लॉम आणि सिंगर यांनी 1980 मध्ये मांडलेल्या पद्धतीचं कृत्रिम स्वरसाधन असे वेगळे मार्ग आहेत.

व्हॉल्व्ह लावल्याबरोबर खोकला आला म्हणून घाबरून काढू नका. बरेचदा बेडका वर सरकलेला असतो, शिवाय बऱ्याच दिवसांनी घशातून हवा जातेय. ऑक्सिजन उतरला किंवा धाप वाढली तर मात्र क्षणभरही थांबायचं नाही.

आवाज येतो पण शब्द कळत नाहीत? तो जिभेचा प्रश्न आहे. व्हॉल्व्ह बदलून काही होणार नाही, उच्चारांचे व्यायाम लागतील आणि वेळ लागेल.

छिद्राची ट्यूब (हवा वर जावी म्हणून जिच्या अंगालाच छिद्र असतं ती) असेल तर आतली नळीही छिद्राचीच आहे ना, ते बघा.

झोपताना आणि नेब्युलायझेशनच्या (वाफाऱ्यातून औषध देण्याच्या) वेळी व्हॉल्व्ह काढायचा. धुवायचा तो कोमट साबणाच्या पाण्याने, आणि हवेवर वाळू द्यायचा. उकळत्या पाण्याने किंवा स्पिरिटने आतला नाजूक पडदा खराब होतो, मग "व्हॉल्व्ह चिकटतोय" म्हणून मला फोन येतो.