डिपार्टमेंटच्या कॉन्फरन्समधलं पोस्टर आणि टॉक: या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलेय)

माझं पहिलं रिसर्चचं पोस्टर सांगलीतल्या विश्रामबागच्या एका फ्लेक्सवाल्याकडं छापलं. फाईल उघडून त्यानं विचारलं, "मॅडम, फोटो कुठाय?" म्हटलं, कुणाचा? तर म्हणे, "ज्यांचा वाढदिवस आहे त्यांचा." तेव्हा हसले, पण दुसऱ्या दिवशी बोर्डापाशी उभी राहिले तेव्हा कळलं की त्याचंच बरोबर होतं, नुसता मजकूर ठासून भरलेला, बघायला काही नाहीच, लोक लांबूनच मान डोलवायचे आणि चहाकडं वळायचे.

सगळ्यात मोठी चूक तीच, पीएचडीच्या थिसिसचा चॅप्टर उचलून पोस्टरवर डकवणं. माझा विषय हळद साठवल्यावर त्यातलं कर्क्युमिन (हळदीला पिवळा रंग देणारा घटक) किती टिकतं हा. प्रस्तावनेत मी सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, हरिपूरला जमिनीत पेवं होती, त्यात हळद ठेवायचे, सगळं लिहिलेलं. अहो पण कॉन्फरन्स सांगलीत, समोरचे निम्मे सांगलीचे, त्यांना हे मी सांगणार? आणि टायटल काय, तर 'हळदीच्या साठवणुकीचा तुलनात्मक अभ्यास'. मॅडमनी (माझ्या गाईड) लाल पेनानं खोडून लिहिलं, 'उजेडात ठेवलेल्या हळद पावडरीतलं कर्क्युमिन लवकर घटतं'. बास, मिळालं ते टायटलमध्येच सांगायचं, मधोमध एक मोठा ग्राफ, बाकी मजकूर तीन-चारशे शब्दांत. टायटल ८० पॉइंटच्या वर, मजकूर २४ च्या खाली अजिबात नको, चार-पाच फुटांवरून वाचता आलं पाहिजे.

आता छपाई, इथं रात्री अकराला रडू येतं. ए-झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, दुकानदार फुटात विचारतो, त्याला पावणेतीन बाय चारला जरा कमी असं सांगा. पॉवरपॉइंटमध्ये स्लाईडचा साईज आधी सेट करायचा आणि मग काम सुरू करायचं, शेवटी बदललात तर सगळं ताणलं जातं. बोर्ड उभा आहे का आडवा हे आयोजकांना आधी विचारा, माझ्या शेजारच्याचं आडवं पोस्टर उभ्या बोर्डाच्या दोन्ही बाजूंनी लोंबत होतं. ग्राफचा स्क्रीनशॉट लावला की मोठा होऊन फाटतो, सॉफ्टवेअरमधून नीट एक्सपोर्ट करा. फाईल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि पीडीएफच पाठवा. श्रीलिपीत टाईप केलेलं मराठी दुसऱ्याच्या मशीनवर उघडलं की अक्षरांची खिचडी होते, युनिकोड वापरा. लाल आणि हिरव्या रेघा एकाच ग्राफात नकोत, काही जणांना त्यातला फरकच दिसत नाही. फ्लेक्स स्वस्त पडतो हे खरं, पण तो लांबून बघायसाठी असतो, बारीक अक्षरं पसरट येतात, शक्य असेल तर जाड कागदावर काढा.

पोस्टरसमोर उभं राहिल्यावर वाचून दाखवू नका, एका मिनिटात सांगता येईल एवढं तयार ठेवा. सगळ्यात भारी प्रश्न मला आमच्या लॅबच्या मामांनी विचारला, "मग बरणी कुठं ठेवायची घरी?" काचेची असली तर बंद कपाटात, नाहीतर सरळ स्टीलचा डबा. हे उत्तर माझ्या पोस्टरवर कुठंच नव्हतं.

टॉकची गोष्ट वेगळी. दहा मिनिटं होती, आठव्या मिनिटाला मी अजून लिटरेचर रिव्ह्यूत, बेल वाजली आणि मग रिझल्टच्या चार स्लाईड "हे स्किप करते, हे पण स्किप करते" करत पळवल्या. तीन वर्षं ज्याच्यासाठी घालवली तेच स्किप! तिसऱ्या मिनिटाला पहिला रिझल्ट दिसलाच पाहिजे, दहा मिनिटांना दहा स्लाईड पुष्कळ झाल्या. सराव मोठ्यानं करा, मोबाईलवर टायमर लावून, मनातल्या मनात केलं की नेहमी वेळेतच बसतं. प्रोजेक्टर जुना निघतो, त्याला व्हीजीए आणि आपल्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय, तर कन्व्हर्टर स्वतःचा न्या, पेनड्राइव्हवर पीडीएफ ठेवा. आणि ती गुलाबाच्या फुलाची 'थँक यू' स्लाईड काढून टाका, प्रश्न चालू असताना निष्कर्षाचीच स्लाईड राहू दे.

काही जण म्हणतात, सर्टिफिकेटपुरतं करायचं हो. यूजीसीच्या २०१६ च्या पीएचडीच्या नियमांत थिसिस देण्याआधी कॉन्फरन्समध्ये दोन प्रेझेंटेशन सक्तीची होती, २०२२ च्या नियमांत ती सक्ती गेली, पण दर सेमिस्टरला आरएसीपुढं (आपलं काम तपासणारी सल्लागार समिती) उभं राहायचंच आहे, मग आपल्याच लोकांत चुकून घेतलेलं काय वाईट?

प्रश्नोत्तरांत पहिल्या रांगेतले रिटायर्ड सर प्रश्नाच्या नावाखाली भाषण करतात, करू द्या, वाद घालू नका. येत नसेल तर "हे मी तपासलेलं नाही" म्हणा, थापा लगेच कळतात. मला मात्र एका एमएस्सीच्या पोरीनं गाठलं. "मॅम, हे एरर बार एसडीचे का एसईचे? आणि सॅम्पल तीन म्हणजे तीन पोती का एकाच पोत्यातले तीन चमचे?" (एरर बार म्हणजे ग्राफवर आकडा किती इकडंतिकडं होऊ शकतो ते दाखवणाऱ्या छोट्या रेघा; एसडी म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडे किती विखुरलेत ते, आणि एसई म्हणजे स्टँडर्ड एरर, सरासरी किती नेमकी ते.) एकाच पोत्यातले तीन चमचे म्हणजे तीन सॅम्पल नव्हेत, हे मला माहीत होतं, पोती तीनच होती, पण ग्राफवर लिहिलं नव्हतं. एसडी का एसई ते तर आठवेचना, "बहुतेक एसई" म्हणून बसले. घरी येऊन एक्सेल उघडलं, एसडी होतं.