मराठवाड्यात मुक्कामाची खोली कशी ठरवावी: आधी तिथी बघा, मग भाडं

एरवी दोन खोल्या दाखवून ‘बघा, कुठली आवडते’ म्हणणारा तुळजापूरचा लॉजवाला आश्विनात फोनच उचलत नाही. मराठवाड्यात खोलीचा भाव खोलीपेक्षा पंचांगावर जास्त ठरतो. म्हणून मोबाइलवर हॉटेलं चाळायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर उघडा.

पहिलं काम: तारीख आणि तिथी, दोन्ही बघा

नवरात्र आणि त्यानंतरची आश्विन पौर्णिमा या काळात तुळजापूर भरलेलं असतं. पौर्णिमेला सोलापूरकडून आणि कर्नाटकातून लोक पायी येतात, रस्त्यावरची वाहतूकही वळवली जाते. बाकी वर्षभर मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा सोडून गेलात तर खोली सहज मिळते. गर्दीच्याच दिवशी जाणं भाग असेल, तर मुक्काम सोलापूरला किंवा धाराशिवला ठेवून पहाटे निघणं शहाणपणाचं.

महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार म्हटलं की वेरूळचं घृष्णेश्वर, औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ, तिन्ही ठिकाणी तोबा गर्दी. परळीत जागा नसेल तर अंबाजोगाई जवळ आहे, गाव मोठं आहे, तिथं बघा. फाल्गुन वद्य षष्ठीला, म्हणजे नाथषष्ठीला, पैठणला दिंड्या येतात. वारकरी मठांत आणि गोदाकाठच्या राहुट्यांत उतरतात. बाकीच्यांनी संभाजीनगरला राहून जाऊन-येऊन करावं, अंतर साधारण पन्नास किलोमीटर आहे. दत्तजयंतीला माहूर, हनुमान जयंतीला खुलताबादचा भद्रा मारुती हेही लक्षात असू द्या. माहूर नांदेडहून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे तिथं ‘बघू, नाहीच मिळाली खोली तर परत येऊ’ हा हिशेब चालत नाही.

लेण्यांसाठी तिथी नको, वार बघा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा काढणारे हमखास अजिंठ्याला चुकतात. सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असा क्रम लावला की दोन्ही उघडी मिळतात, शिवाय शनिवार-रविवारची गर्दीही टळते.

यात्रांखेरीज दोन मोसम खोल्या खाऊन टाकतात. एक लग्नसराई. दुसरा लातूर-नांदेडच्या क्लासेसचा. मे महिन्यात नीटची परीक्षा आणि पुढे प्रवेशाचे दिवस आले की पोरांसोबत आलेल्या आई-बापांनी लातूरचे लॉज भरतात.

दुसरं काम: कशासाठी जाताय त्यावरून जागा ठरवा

देवदर्शनाला सहकुटुंब जात असाल तर संस्थानचं भक्तनिवास आधी विचारा. स्वस्त असतं, मंदिराजवळ असतं, आणि म्हाताऱ्या माणसांना पहाटेच्या पूजेला चालत जाता येतं. नियम मात्र भक्तनिवासाचेच चालतात: गेट ठरल्या वेळेला बंद, दारू-मांसाहार नाही, गर्दीच्या दिवशी एका रात्रीपेक्षा जास्त खोली नाही. काही ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत. हे आधी विचारावं, रात्री दहाला पिशवी घेऊन काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नसतो.

तुळजापुरात आणखी एक सोय आहे, जी कुठल्याच ॲपवर सापडायची नाही: पुजाऱ्याचं घर. ज्यांची कुलस्वामिनी तुळजाभवानी आहे, त्यातल्या कित्येक घराण्यांचे पुजारी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात. भक्त त्यांच्याकडेच उतरतात, अभिषेक, नैवेद्य, पुरणपोळीचं जेवण सगळं तिथंच होतं. आपला पुजारी कोण हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. मात्र राहणं, पूजा आणि जेवण यांचे पैसे वेगवेगळे किती, हे फोनवरच ठरवून घ्या. नातं जुनं असलं म्हणून विचारायला संकोच करू नये. निघताना आकडा ऐकून तोंड वाकडं करण्यापेक्षा ते बरं.

नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब या गुरुद्वाऱ्याच्या परिसरात यात्री निवास आहेत. पंजाबातून येणाऱ्या यात्रेकरूंचा ओघ वर्षभर असतो, दसरा-दिवाळीत आणि होळीच्या सुमाराच्या होला-मोहल्ल्याला तर पाय ठेवायला जागा नसते. शीख नसलेल्यांनाही लंगरमध्ये जेवता येतं. डोकं झाकायचं, तंबाखू आणि दारू आवाराबाहेर ठेवायची. खिशात तंबाखूची पुडी असलेल्या आपल्या काकांना हे दोनदा सांगा.

लेणी बघायला जाणाऱ्यांनी संभाजीनगर शहरात राहायचं की लेण्यांजवळ, हे आधी ठरवावं. वेरूळ तीस किलोमीटरवर आहे, शहरातून आरामात होतं. अजिंठा शंभर किलोमीटर. सकाळी नऊला लेणी उघडतात तेव्हा दारात हजर राहायचं असेल तर आदली रात्र फर्दापूरला काढा, तिथं एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, निवासस्थान आहे. एमटीडीसीच्या जागा सहसा मोकळ्या-ढाकळ्या, झाडं असलेल्या. सेवा कधी चांगली, कधी सरकारी. आरक्षण त्यांच्याच संकेतस्थळावर करावं.

रेल्वेनं येणाऱ्यांना रिटायरिंग रूमचा विसर पडतो. मोठ्या स्थानकांवर खोल्या आणि डॉर्मिटरी असतात. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीवरून त्या घेता येतात. पहाटेची गाडी असेल, चार तास पाठ टेकायची असेल, तर यासारखी दुसरी सोय नाही.

आता शासकीय विश्रामगृह. सार्वजनिक बांधकाम खात्याची ही घरं जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत, संभाजीनगरचं सुभेदारी तर राजकीय बातम्यांमुळे सगळ्यांना ठाऊक. जाड भिंती, उंच छत, पुढं व्हरांडा. उन्हाळ्यात एसी लॉजपेक्षा तिथं जास्त गार वाटतं. मात्र पहिला हक्क अधिकाऱ्यांचा आणि लोकप्रतिनिधींचा. खोली रिकामी असेल तर बांधकाम विभागाच्या कार्यालयात अर्ज करून सामान्य माणसालाही मिळू शकते. पण मंत्र्याचा दौरा लागला की तुमचं आरक्षण गेलंच समजा. पर्याय हाताशी ठेवूनच या वाटेला जा. जेवणाचं खानसाम्याला आधी सांगावं लागतं.

कामासाठी आलेल्या एकट्या माणसाला बसस्थानकाजवळचा लॉज पुरतो. आमच्याकडे पाटीवर नुसतं ‘हॉटेल’ असेल तर आत चहा-भजी किंवा थाळी मिळेल, खोली मिळेलच असं नाही. ‘लॉजिंग’ हा शब्द शोधा. खाली परमिट रूम असलेला लॉज कुटुंबासाठी टाळावा, रात्री साडेअकरापर्यंत जिन्यात ये-जा चालू असते.

लहान मुलांना घेऊन दोन दिवस निवांत घालवायचे असतील तर कृषी पर्यटन केंद्र बघा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं, तेव्हापासून केंद्रांची पर्यटन विभागाकडे नोंदणी होते. नोंदणी आहे का ते विचारा. जायचं ते हुरड्याच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत. मे महिन्यात शेतात बघायला ढेकळं आणि झेलायला ऊन, एवढंच.

मोठ्या हॉटेलांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ती सगळीकडे सारखीच. एवढंच की अधिकृत तारांकन केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची समिती देते आणि ते घेणं हॉटेलवर सक्तीचं नाही. ॲपवर दिसणारे तारे बहुधा ॲपचे किंवा पाहुण्यांचे असतात.

तिसरं काम: फोन करून पाण्याचं विचारा

पैसे भरण्याआधी एकदा थेट फोन करा. पहिला प्रश्न पाण्याचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. दरवर्षी तशी वेळ येत नाही, पण मार्चनंतर कुठल्याही गावातल्या लॉजला ‘नळाचं आहे, बोअरचं आहे की टँकरचं?’ हे विचारण्यात गैर काहीच नाही. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं, साबणाला फेस येत नाही आणि केस राठ होतात. प्यायचं पाणी जारचं आहे का, हेही त्याच दमात विचारून घ्या. गरम पाणी किती ते किती मिळतं, हा प्रश्न पहाटे दर्शनाला जाणाऱ्यांनी विसरू नये. सोलरचं पाणी रात्रीच पाहुण्यांनी संपवलं तर पहाटे चारला हाती गारच येतं.

मुक्कामाच्या जागी आधी पाण्याची सोय बघायची, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. संभाजीनगरच्या पाणचक्कीत सराईही होती आणि फकीर-यात्रेकरूंसाठी धान्य दळायला चक्की फिरायची, तीही नहरीनं लांबून आणलेल्या पाण्यावर.

दुसरा प्रश्न मजल्याचा. उन्हाळ्यात सगळ्यात वरच्या मजल्यावरची खोली घेऊ नका. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं. ‘एसी रूम’ म्हणाले तर वीज गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा, ते विचारा. कूलरची खोली कोरड्या उन्हाळ्यात उत्तम काम करते, फक्त कूलरला पाणी कोण भरणार ते कळलं पाहिजे.

मग चेकआउट. मोठ्या हॉटेलांत दुपारी बारा किंवा अकरा ही ठरलेली वेळ असते. लॉजवर बरेचदा ‘चोवीस तास’ चालतं, म्हणजे रात्री आठला आलात तर दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत खोली तुमची. पहाटे पोचणाऱ्यांना या फरकानं सरळ एका दिवसाचं भाडं वाचतं.

भाड्याची गाडी असेल तर चालकाच्या झोपायची आणि अंघोळीची सोय विचारा. पुष्कळ लोक हे विसरतात आणि तो बिचारा सीट मागे करून डासांत रात्र काढतो. दुसऱ्या दिवशी दोनशे किलोमीटर तोच गाडी हाकणार असतो. लग्नसराईत ‘शेजारी मंगल कार्यालय आहे का?’ हेही विचाराच.

चौथं काम: पैसे जपून भरा

देवस्थानांच्या भक्तनिवासाच्या नावानं खोट्या वेबसाइट काढून आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार होतात. गूगलवर वर दिसलेला नंबर संस्थानचाच असेल असं धरून चालू नका. कुणी वैयक्तिक खात्याचा क्यूआर पाठवून ‘लगेच भरा, शेवटची खोली आहे’ म्हणत असेल तर थांबा. संस्थानच्या अधिकृत संकेतस्थळावरून नंबर घ्या आणि पावती कुणाच्या नावानं निघते ते बघा. फसलात तर १९३० या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी.

सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीला १८ टक्के. बाराशेच्या खोलीला साठ रुपये. कर लावलेला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक हवा. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो. क्रमांक नसताना नुसताच ‘टॅक्स’ लावला असेल तर तो द्यायचा नाही.

पाचवं काम: काउंटरवर

प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं, एकाच्या आधारवर सगळं कुटुंब भागत नाही. आधारची झेरॉक्स देण्यापेक्षा शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवरून उतरवून ठेवा. ते नको म्हणाले तर मतदार ओळखपत्र किंवा लायसन्स द्या. सोबत परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती हॉटेलला २४ तासांत सरकारकडे कळवावी लागते. छोटे लॉज या कटकटीपायी सरळ नाही म्हणतात, म्हणून परदेशी मित्राला घेऊन जाताना हे आधी विचारा. त्याच गावचा पत्ता असलेल्यांना आणि लग्न न झालेल्या जोडप्यांना खोली न देणारेही बरेच आहेत. सज्ञान माणसांना कायद्याची बंदी नाही, पण रात्री अकराला कायदा समजावत बसण्यापेक्षा फोनवर ‘चालेल ना?’ विचारलेलं बरं.

किल्ली घेण्याआधी खोली बघाच. नळ सोडून बघा, संडासात पाणी येतं का बघा, आतून कडी लागते का, खिडकीला जाळी आहे का, चादर बदललेली आहे का. चादर बदलायला सांगायला लाजू नका. खोली आवडली नाही तर पिशव्या वर नेण्याआधीच दुसरी मागा, एकदा सामान पसरलं की माणूस आहे त्यात भागवतो.

निघताना अनामत रक्कम परत घेतली का ते बघा, भक्तनिवासात ती बहुतेक रोखीनंच घेतात आणि परत घ्यायला मूळ पावती लागते. बिलात तुम्ही न मागितलेलं काही जोडलं असेल आणि मालक ऐकत नसेल, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तक्रारीला बिल लागतं, म्हणून छापील बिल घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.